खांदा कुठल्या राज्यात निखळला?

...आणि वर कचेरीतले मलाच म्हणतात, "बाई, तुम्ही आधी शांत व्हा बघू!" अहो, शांतच आहे मी! शांत राहण्याचं व्रत घेतलंय मी! तुम्हाला सांगते, ज्या संध्याकाळी आमच्या ह्यांना हात झोळीत बांधून घरी आणलं ना, त्याच संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पदर पसरला आणि बोलून बसले, "देवा, हे पुन्हा कामाला लागेपर्यंत मी कुणाबद्दल एक वाईट शब्द बोलणार नाही." झालं! बोलून बसले! आता माणसानं साखर सोडावी, मीठ सोडावं, पायातल्या चपला सोडाव्यात... जन्मभर सोडतच आले, कधी काही अडलं नाही. पण वाईट बोलणं सोडायचं आणि मग सरकारी कचेरीत जायचं, हे म्हणजे नाक दाबून मिरच्या कुटायला बसण्यासारखं! शिंक बाहेर येत नाही आणि डोळ्यांचं पाणी थांबत नाही. तेव्हा आधीच सांगून ठेवते, मी कुणाबद्दल वाईट बोलत नाहीये हं. नुसतं सांगतेय.

तर आमचे हे पूल रंगवतात. म्हणजे रंगवायचे. आमच्या गावाच्या टोकाला नदी आहे, नदीवर तो लांबलचक लोखंडी पूल, अलीकडे आपलं राज्य, पलीकडे शेजारचं, आणि पुलाच्या बरोबर मध्यावर हद्द. अलीकडच्या अर्ध्या पुलाला राखाडी रंग, पलीकडच्या अर्ध्याला हिरवा. का? तर राज्य वेगळं! गंज एकच आहे हो, रंग तेवढे दोन. आपली टोळी खरवडत, रंगवत इकडून मध्यापर्यंत जाते, त्यांची टोळी तिकडून मध्यापर्यंत येते, आणि मध्यावर आल्या की दोन्ही टोळ्या हात आखडून थांबतात. चुकून आपला ब्रश तिकडे लागला तर त्यांचा मुकादम ओरडणार, "आमचं हिरवं राखाडी केलंत!" आणि त्यांचा इकडे लागला तर आमचा मुकादम थयथयाट करणार. म्हणून मग मधे वीतभर पट्टी दोघंही सोडून देतात. ना राखाडी, ना हिरवी. नुसती गंजकी! आमचे म्हणतात, "तुमची." त्यांचे म्हणतात, "छे, तुमची." आणि ती बिचारी पट्टी, दोन सुनांच्या घरातल्या सासूसारखी... हिनं वाढलं असेल म्हणून ती वाढत नाही, तिनं वाढलं असेल म्हणून ही वाढत नाही!

आता बाकीच्यांना ती पट्टी दिसायची, पण खुपायची नाही. आमच्या ह्यांना खुपायची. ह्यांचा स्वभावच तसा! लग्नाला कुणाच्या गेले तरी नवरानवरी बघायच्या आधी मांडवाच्या खांबाला नख लावून बघणार, "प्रायमर मारलेला नाही." जेवताना भिंतीकडे बघणार, "पोपडा धरतोय." मी म्हणते, "अहो, घास घ्या." तर त्या दिवशी काय झालं, आपल्या बाजूचं काम संपलं, बाकीची टोळी चहाला गेली, आणि ह्यांनी विचार केला, वीतभरच तर आहे... हात लांब केला की झालं. फळी आपल्या राज्यात, पाय आपल्या राज्यात, कमरेचा दोर आपल्या राज्यातल्या खांबाला, आणि उजवा हात, तारेचा ब्रश घेऊन, निघाला शेजारच्या राज्यात! पाय घसरला. दोरानं धरलं, देवाची कृपा. पण दोरानं धरलं म्हणजे काय, माणूस झोका झाला ना! गेला तो झोका थेट हद्दीपलीकडे, आणि खांदा धाडकन आदळला तिकडच्या लोखंडाला. हिरव्या! डॉक्टरांनी सदरा कापला ना, तेव्हा आत खांद्याला हिरवा पोपडा चिकटलेला होता... मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

म्हणजे बघा, पाय घसरला आपल्या राज्यात, खांदा निखळला शेजारच्या राज्यात, आणि बोंब मारली ती मधल्या मधे, नदीवर!

डॉक्टर म्हणाले, "हात वाचला, पण खांद्याच्या वर जाणार नाही." वर जाणार नाही! रंगाऱ्याचा हात! गवयाला सांगावं की गा तुम्ही खुशाल, फक्त आवाज काढू नका! पण मी धीर सोडला नाही. मी म्हटलं, अहो, घाबरता काय? जखमी कामगाराला दुसरं काम शिकवून पायावर उभं करायची योजना आहे. व्यावसायिक पुनर्वसन! आधी मला वाटलं घर सोडून जायचंय की काय, धरणात गाव बुडतं तेव्हा करतात तसं, पण नाही, घर तिथेच राहतं, माणूस बुडतो. ...वाईट बोलत नाहीये हं. नुसतं सांगतेय.

आणि माझी आशा तर अशी वाढली म्हणता! कारण इतरांना एक राज्य असतं, आपल्याला दोन! एका दारी नाही म्हणाले तर दुसरं दार आहे. मी रात्रंदिवस दोन्हीकडचे नियम शेजारी शेजारी ठेवून तोलत बसले, बाजारात दोन गाड्यांवरची वांगी तोलावी तशी. आपल्या राज्यात शिकत असताना घरखर्चाला भत्ता मिळतो, पण शिकवतच नाहीत. शेजारच्या राज्यात लगेच शिकवतात, हवं ते शिकवतात, पण शिकेपर्यंत भत्ता नाही, खा वारा! म्हणजे इकडे ताट आहे पण वाढत नाहीत, तिकडे वाढतात पण ताट नाही. आणि कुठे कमी पडू नये म्हणून आमच्या वन्संचं तिसरं राज्य!

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. त्यांचे यजमान गोदामात ती सामान उचलायची गाडी चालवायचे, त्यांची पाठ गेली. गेली ती गेली, पण वन्संचा फोन असा यायचा की वाटावं पाठ जाणं म्हणजे पदवी मिळणं! "वहिनी, आमच्याकडे ना, दोन वर्षं शिकवतात हं! आमच्याकडे ना, येण्याजाण्याचं भाडं देतात! आमच्याकडे बूटसुद्धा देतात, वहिनी, बूट! तुमच्याकडे बूट देतात का?" मी म्हटलं, "वन्सं, खांद्याला बूट कशाला?" तर म्हणतात, "दादाला म्हणावं, पडायचंच होतं तर आमच्याकडे येऊन पडायचं, आणि पाठीवर पडायचं. आमच्याकडे पाठीला खांद्यापेक्षा जास्त मान आहे."

हात तोच हो, पाठ तीच... पण राज्य कुठलं?

मी म्हटलं, "आणि शिकवतायत काय भावजींना?" तर आवाज बारीक करून म्हणतात, "घड्याळं दुरुस्त करायला." घड्याळं! पाठ गेलेल्या माणसाला! वाकून बसावं लागतं हो त्यात! "मग बसवतं का त्यांना?" "नाही ना वहिनी, उभ्यानं करतात. घड्याळ डोळ्यासमोर टांगतात आणि..." पुढचं मला ऐकू आलं नाही, मी पदर तोंडात कोंबला होता. आणि हे घड्याळाचं कुणी ठरवलं? तर एक सल्लागार आहेत. माणसानं काय शिकावं हे ठरवणारे. वन्संनीच सांगितलं, भावजींच्या शिकवणीला जेवढा खर्च आला, त्याहून जास्त खर्च काय शिकवावं हे ठरवण्यात आला! मी काही बोलले नाही. माझं व्रत आहे.

तर मी आधी गेले आपल्या राज्याच्या कचेरीत. हेही बरोबर होते. तिथे एक बाई आहेत, अगदी गोड! आवाज तर असा की नकारसुद्धा पाकात बुडवून देतात. "या हं काका, बसा. काकू, तुम्हीपण बसा. खुर्ची एकच आहे, पण बसा." मग त्यांनी आम्हाला समजावलं, "आपल्या राज्यात ना, एक पायरी सोडून दुसरी चढता येत नाही हं. आधी जुनं काम, जुन्या मालकाकडे. ते जमलं नाही तर हलकं काम, जुन्या मालकाकडे. तेही नाही तर जुनंच काम, नव्या मालकाकडे. मग हलकं काम, नव्या मालकाकडे. आणि काहीच म्हणजे काहीच उरलं नाही, की मग शिक्षण." मी म्हटलं, "बाई, काहीच उरलं नाही हे कळणार कसं?" तर गोड हसल्या. "ते तुम्हाला कळेलच हो, काकू."

मग ह्यांच्याकडे वळल्या. "काका, हात खांद्याच्या वर जात नाही ना? मग खांद्याच्या खालचं रंगवा की!" हे आपले सरळ माणूस. म्हणाले, "बाई, पूल असतो ना, तो वर असतो." "पण त्याचा खालचा भाग?" "तो पाण्यात असतो." बाईंनी लिहून घेतलं, 'उमेदवार पाण्यातील कामास अनुत्सुक.' देवाशप्पथ! मग परीक्षा घेतली. लाकडाच्या फळीला भोकं, त्यात खुंट्या बसवायच्या. ह्यांनी डाव्या हातानं बसवल्या सगळ्या, आणि जाता जाता फळीला नख लावून म्हणाले, "वॉर्निश निघालंय तुमचं." बाई खूश! म्हणाल्या, "काका, तुमची बोटं फार चांगली आहेत. आमच्या यादीप्रमाणे तुम्ही टाइपरायटर दुरुस्तीला योग्य." टाइपरायटर! मी म्हटलं, "बाई, टाइपरायटर आता असतो कुणाकडे?" तर म्हणतात, "ते शोधणं हा तुमच्या पुनर्वसनाचा भाग आहे." ...चांगल्या होत्या हो बाई. फार चांगल्या. देव त्यांना उदंड आयुष्य देवो आणि त्यांच्या यादीला तेवढं देऊ नको रे बाबा.

बाहेर आलो तर हे गप्प. आणि ह्यांचं गप्प बसणं तुम्हाला माहीत नाही. आधीचे गप्प वेगळे, कामावरून दमून आलेले, पोटभर जेवलेले. आता खिडकीशी बसायचे, डाव्या हातानं सदऱ्याची गुंडी लावायची खटपट करायची, मी पुढे झाले की हात झटकायचा. आणि खिडकीतून दिसतो कोण? पूल! बसून बसून त्याच्याकडे बघायचे. एकदा मी कांदा चिरत होते, तर एकदम बोलले, "चौथ्या कमानीला आतून गंज धरलाय." मी बघितलं, मला नुसता पूल दिसला. म्हटलं, "इथून दिसतं?" "रंग फुगलाय ना. पोटात पाणी आहे त्याच्या." आणि मग हळूच, जसं काही पोरानं जत्रेतलं खेळणं मागावं तसं, "त्या तीरावर एक शिकवतात म्हणे. रंग तपासनिसाचं काम. चढायला लागत नाही. खाली उभं राहायचं, बघायचं, जाडी मोजायची, कुठे बिघडलंय ते सांगायचं. ...असू दे. आपल्याला कोण घेतंय."

मी कांदा तसाच ठेवला. डोळ्यांत पाणी कांद्याचंच होतं, तुम्ही काही मनात आणू नका. पण मला कळलं, ह्या माणसाचा खांदा गेलाय, डोळे कुठे गेलेत? सगळा जन्म ह्यांनी तेच केलंय की, फुकटात! लोकांच्या लग्नात, लोकांच्या भिंतींना! आता कुणी शिक्का मारून द्यायचा तेवढा बाकी. आणि ते शिक्षण फक्त पलीकडच्या राज्यात. आणि वर्ग भरायला आलेला. जागा गेली की पुन्हा कधी कोण जाणे, आणि तोवर हा माणूस खिडकीत बसून स्वतःच पोपडा धरणार!

मग गेलो पलीकडे. पुलावरून, चालत. तिथे एक साहेब, बारमाही सर्दी झालेले, रुमाल नाकावरून खाली नाही. मी म्हटलं, साहेब, असं असं, खांदा तुमच्या लोखंडावर निखळला, पोपडासुद्धा तुमचा हिरवा होता, आम्हाला तपासनिसाचं शिकवा. सर्दीनं साहेबांच्या 'म'चा 'ब' व्हायचा. रुमालातून विचारलं, "पाय कुठे घसरला?" मी म्हटलं, "पाय आमच्याकडे." "बग कारण तुबच्याकडे. जा तुबच्याकडे." म्हटलं, "पण खांदा..." "खांदा बी बोलावला होता का?" सर्दीनं बोलत होते, म्हणून मीच म्हटलं, "साहेब, आल्याचा काढा घेत जा." वाईट बोलले का मी? नाही ना?

परत इकडे. गोड बाई म्हणाल्या, "काकू, घसरणं म्हणजे काही दुखापत नव्हे हो! मी रोज घसरते. दुखापत झाली तिकडे. तिकडे जा हं." परत तिकडे. "दोर कुणाचा? तुबचा. बग?" परत इकडे. "लोखंड कुणाचं? त्यांचं. मग?" अहो, आम्ही त्या पुलावरून इतक्या फेऱ्या घातल्या की टोलनाक्यावरचा माणूस मला हात जोडायला लागला, त्याला वाटलं नवस आहे माझा, पुलाला प्रदक्षिणा घालतेय! आणि वर दोघांचाही एक प्रश्न सारखा, "पण तुम्ही ती पट्टी घासत कशाला होतात? ते काम तुम्हाला सांगितलं कुणी?" बघा, काम न करणाऱ्याला कुणी विचारत नाही का केलं नाहीस. करणाऱ्याला मात्र...

हात तोच हो, खांदा तोच, माणूस तोच... पण राज्य कुठलं?

वन्संचा फोन. "वहिनी, आमच्याकडे ना, नदीच नाहीये."

शेवटी मी एक केलं. दोन्ही कचेऱ्यांत एकच निरोप दिला. गोड बाईंना म्हटलं, "पलीकडचे साहेब म्हणतायत, ते पुलावर येऊन दाखवून देतील की जबाबदारी तुमची आहे." साहेबांना म्हटलं, "अलीकडच्या बाई म्हणतायत, त्या पुलावर येऊन दाखवून देतील की जबाबदारी तुमची आहे." खोटं नव्हतं हो! दोघंही तेच तर म्हणत होते, नुसती जागा मी सुचवली. आणि इतके दिवस माझ्या अर्जाला जाग आली नाही, पण 'तो शेजारी तुमच्यावर ढकलतोय' म्हटल्याबरोबर दोघं कशी तुरुतुरु आली म्हणता! माणूस पडला तर कुणी धावत नाही, माणूस अंगावर पडेल म्हटलं की सगळे धावतात. असो. नुसतं सांगतेय.

तर झाली सुनावणी, पुलावर, भर वाऱ्यात. एका बाजूला राखाडी, एका बाजूला हिरवा, मधे ती गंजकी पट्टी, इकडे गोड बाई कागद छातीशी धरून, तिकडे साहेब रुमाल नाकाशी धरून, आणि मधे आम्ही दोघं, जोडीनं पूजेला बसल्यासारखे. आमचा मुकादम आला होता, तो म्हणाला, "मी चहाला होतो." त्याचं तेवढंच. गाड्या भोंगे वाजवून वाजवून जातायत. साहेब ह्यांना म्हणाले, "दाखवा, कसे घसरलात." हे म्हणाले, "दोर बांधा, दाखवतो." मी दंड धरला ह्यांचा! म्हटलं, एकदा घसरून तीन राज्यं पालथी पडली, पुन्हा घसरलात तर चौथं कुठून आणू?

मग हे वाकले आणि डाव्या हातानं दाखवायला लागले, इथे पाय होता, इथून हात असा गेला... आणि बोलता बोलता थांबले. बोट त्या पट्टीवर. नख लावलं. गंजाची खपली निघाली ती नुसती खपली नाही, पापुद्रेच्या पापुद्रे! हे त्यांना विसरले, मला विसरले, खांदा विसरले. पट्टीवर कान टेकवला. बोटाच्या मागच्या बाजूनं टकटक केलं. आणि म्हणाले, "हा रिव्हेट सुटलाय. हा पण. हे सगळं आतून खाल्लंय."

गोड बाई म्हणाल्या, "तो त्यांच्या बाजूचा आहे हं." साहेब म्हणाले, "छे, तो तुबच्या बाजूचा." हे म्हणाले, "बाजू कुठलीही असो, तुम्ही दोघं त्याच्यावर उभे आहात."

काय सांगू! दोघांनी अशी उडी मारली, अशी उडी मारली... आणि घाईघाईत कुठे मारली म्हणता? गोड बाई पडल्या पलीकडे, हिरव्यात! आणि साहेब येऊन टेकले अलीकडे, राखाडीत! राज्यांची अदलाबदल! आणि त्यात साहेबांचा पाय मुरगळला की काय, ते घोटा धरून "आई आई" करायला लागले.

मी पुढे झाले. अगदी हळू आवाजात, काळजीनं, तुम्हाला सांगते, मनापासून काळजीनं म्हटलं, "साहेब, जपून हो. फार दुखतंय का? कारण तुम्ही आता आमच्या राज्यात आहात. इथे आधी जुनं काम, मग हलकं काम, मग दुसऱ्या मालकाकडे जुनं काम... आणि शेवटी टाइपरायटर." साहेबांनी घोटा सोडला. म्हणाले, "छे छे, काही लागलं नाही!" बघा, रुमाल खाली आला, सर्दीसुद्धा गेली! मग बाईंकडे वळले. म्हटलं, "बाई, तुम्हीपण सांभाळून या हं अलीकडे. तिकडे घसरलात तर तिकडे भत्ता देत नाहीत. आणि घसरलात इकडे आणि लागलं तिकडे, तर मग... जाऊ दे, तुम्हाला माहीतच आहे."

दोघं तशीच उभी, परक्या राज्यात, एकमेकांकडे बघत, आणि मधे ती गंजकी पट्टी. आणि मला वाटतं, जन्मात पहिल्यांदा दोघांच्या डोक्यात एकच विचार आला, की परत जायचं तर हिच्यावरूनच जायचंय. साहेब ह्यांना म्हणाले, "काय हो... पाय कुठे ठेवू?" आणि ह्यांनी सांगितलं. "इथे ठेवा. इथे नको. आता हा. बाई, तुम्ही थांबा, साहेबांना येऊ द्या, दोघांचा भार एकदम नको." हात खांद्याच्या वर जात नाही त्या माणसानं, डाव्या हाताचं बोट दाखवून, दोन राज्यांची दोन माणसं आपापल्या घरी पोचवली!

बाई कचेरीत गेल्या नाहीत, तिथेच कठड्यावर कागद ठेवून लिहायला लागल्या. साहेबपण. आणि दोघांनी मिळून, देवाशप्पथ, हसू नका, ह्यांची वाटणी केली. उजवा खांदा आपल्या राज्याचा, त्याच्या औषधपाण्याचं आपलं राज्य बघणार. डावा हात आणि डोळे शेजारच्या राज्याचे, त्यांना तपासनिसाचं शिक्षण शेजारचं राज्य देणार. जागा मिळाली! वर्ग सुरू झाला! रोज सकाळी हे सदऱ्याची गुंडी डाव्या हातानं लावतात, खुशाल वेळ लावतात, आणि पूल ओलांडून शाळेला जातात. काल आले तर सांगत होते, मास्तरांच्या टेबलाचा रंगच चुकलाय म्हणून. म्हटलं, सांगितलंत? म्हणाले, "अजून पहिलाच आठवडा आहे. पुढच्या आठवड्यात सांगतो." जेवले! भिंतीकडे बघत जेवले! मी देवापुढे साखर ठेवली.

आणि भत्ता? हां, मीही तेच विचारलं. म्हटलं, बाई, साहेब, खांदा झाला, हात झाला, डोळे झाले, शिकेपर्यंत पोटाचं काय? तर दोघांनी कागद चाळले. वर केले, खाली केले. आणि एका सुरात, पहिल्यांदा आणि शेवटचं एका सुरात म्हणाले, "पोटाला काही इजा झाल्याची नोंद नाही."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, ते असं! तर मी आता शेजारच्या शिवणकामवालीकडे काजं-बटणं करते, चाललंय. वन्संना सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे ना वहिनी, पोट धरतात, भत्ता देतात. पण शिकवून झालं की पाठ सोडतात." भावजी अजून उभ्यानंच घड्याळं लावतायत म्हणे, आणि ज्या गावात नोकरी मिळेल त्या गावात घड्याळाचं दुकान नाही.

आणि पट्टी? पट्टी तशीच आहे. दोन्ही राज्यांनी तिथे एक पाटी लावलीय, 'सावकाश चला.' अर्धी राखाडी, अर्धी हिरवी.

तर असं आहे. हे अजून कामाला लागलेले नाहीत, शिकतायत, म्हणजे व्रत माझं चालूच आहे. मोडलं का हो मी ते इतक्या वेळात? सांगा, एका तरी माणसाला नाव ठेवलं का? तेच तर म्हणते! तुमच्याही घरात कुणी पडेल, झडेल, देव न करो, आणि तुम्हीही ह्या दारातून त्या दारात फिराल, तेव्हा माझं ऐका, बायांनो, बाबांनो, तुम्हीही हेच व्रत घ्या. कुणाबद्दल वाईट म्हणून बोलू नका. जे झालं ते, जसं झालं तसं, भेटेल त्याला नुसतं सांगत सुटा. वाईट बोलायला लागतच नाही हो!